डोंगरावरील कुडाची घरे

अलिबागेस येणारा मनुष्य समुद्राकडे तोंड करून बसतो. ओहोटीच्या वेळी पायी जाता येण्याजोगा कुलाबा किल्ला, आक्षी-नागावच्या नारळी-पोफळीच्या वाड्या, चौलचे रामेश्वराचे देवालय, एवढे पाहून झाले म्हणजे अलिबाग पाहिले असे तो समजतो. आणि त्यात त्याचा फारसा दोष नाही, कारण येथे जन्म काढलेली आम्ही मंडळीही पाहुण्यांस बहुधा तेवढेच दाखवितो. गावाच्या पाठीशी कनकेश्वरापासून सागरगडापर्यंत जी डोंगरांची रांग उभी आहे तिच्यावर माणसे राहतात, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

सांप्रत आपल्या सुशिक्षित घरांतून दूरदेशीच्या प्रवासाची हौस वाढली आहे, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. चीन देशाच्या ग्वेइचौ प्रांतात मियाओ नावाचे डोंगरी लोक राहतात. त्या देशात त्यांची संख्या एक कोटीहून अधिक आहे. त्यांची लाकडी घरे पाहण्यास जगभरचे प्रवासी जातात. घराची मागची बाजू डोंगराच्या उतारावर टेकलेली, पुढची बाजू उंच लाकडी खांबांवर तोललेली, खाली गुरे व अवजारे, मधल्या मजल्यावर माणसे आणि माळ्यावर धान्य. लाकडात लाकूड गुंतवून सांधे केलेले. शीच्यांग नावाच्या गावी अशी हजारावर घरे एका डोंगरउतारावर दाटीने उभी आहेत, आणि ते गाव पाहावयास तिकीट काढावे लागते. आमच्या घरातील मुलांनी ही चित्रे मला मोठ्या कौतुकाने दाखविली, तेव्हा माझ्या मनात आले की, अलिबागेपासून एका सकाळच्या वाटेवर असलेली लाकडाची आणि कारवीची घरे यांनी पाहिलेली नाहीत, आणि तेथे तिकीटही नाही.

त्या घरांतील माणसे मात्र आपल्या घरी येतात. ज्येष्ठात पहिला पाऊस पडला की शेवळांच्या जुड्या आणि सोबत काकडांची फळे टोपलीत घेऊन ज्या बायका अलिबागच्या बाजारात बसतात, दारोदार फिरतात, त्या याच डोंगरांवरून उतरलेल्या असतात. काकडावाचून शेवळाची भाजी घशाला खाजते, हे ज्ञान आपल्या स्वयंपाकघरात आले ते त्यांच्याकडूनच. मागाहून भारंग येते, टाकळा येतो, श्रावणात कंटोली येतात. आमच्या घरी गेली कित्येक वर्षे येणारी एक वृद्ध कातकरी बाई आहे. “गुरुजी, आमच्या वाडीवर कधी येशाल?” असे ती दरवर्षी विचारी. आश्विनात पाऊस उघडल्यावर मुलगा, सून आणि नात यांना बरोबर घेऊन मी तिच्या वाडीवर गेलो. वाडीचे नाव येथे देत नाही. त्याचे कारण पुढे ध्यानात येईल.

अलिबाग-पेण रस्त्यावर खंडाळे गाव लागते. सागरगडास जाणारी वाट याच बाजूने चढते. १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी जे तेवीस किल्ले मोगलांस दिले त्यांत हा सागरगड होता. त्याच्या माचीवर आजही आदिवासी वस्ती आहे. आम्हांस जावयाचे होते ते त्याच रांगेच्या दुसऱ्या एका सोंडेवर. भातखाचरे संपली की ओढा, ओढ्यापलीकडे ऐन-किंजळीचे रान, आणि रान चढता चढता दोहों बाजूंस पुरुषभर उंचीची कारवी. वाट एका माणसाची. दीड तास चढल्यावर कोंबड्यांचा आवाज ऐकू आला, आणि मग झाडांतून छपरे दिसू लागली. अठरा घरे मोजली.

हे घर कसे बांधतात ते सविस्तर सांगण्याजोगे आहे, कारण आपल्यापैकी ज्यांनी आजोबांचा वाडा पाहिला आहे त्यांना त्यात ओळखीच्या पुष्कळ गोष्टी आढळतील. प्रथम जमीन सपाट करून हातभर उंचीचे जोते घालतात. मग रानातून दोन फांद्यांच्या बेचक्याचे खांब आणतात. त्यांस मेढी म्हणतात. ऐनाची किंवा खैराची मेढ असली तर उत्तम. खैराला वाळवी सहसा लागत नाही. मधल्या उंच मेढींच्या बेचक्यांत आढे ठेवावयाचे, बाजूच्या बुटक्या मेढींवर आडवी लाकडे, आणि आढ्यापासून दोन्ही पाख्यांवर कळकाचे वासे सोडावयाचे. खिळा कोठे नाही. सारे बांधकाम वेलींनी आणि झाडाच्या सालीच्या दोरांनी जखडलेले. वाशांवर सागाची पाने, पानांवर गवत किंवा भाताचा पेंढा. वळचण इतकी खाली आणतात की आत शिरताना ताठ मानेच्या मनुष्यासही वाकावे लागते. डोंगरावरचा वारा आणि पावसाची झड यांच्यापासून भिंतीचे रक्षण करण्याचा तोच एक उपाय आहे.

आता भिंत. कारवीच्या काठ्या पावसाळा सरल्यावर तोडून, पाने झाडून, उभ्या शेजारी शेजारी रोवतात आणि आडव्या कामट्यांनी बांधून टाकतात. हा कूड. त्यावर माती, शेण आणि भाताचे तूस एकत्र मळून दोन्ही बाजूंनी लिंपतात. आम्ही गेलो तेव्हा दोन-तीन घरी हेच काम चालले होते. बायका कोपरापर्यंत हात भरून भिंती लिंपीत होत्या. आतल्या एका कुडाला अजून गिलावा व्हावयाचा होता. त्याच्या फटींतून ऊन येऊन सारवलेल्या जमिनीवर बारीक रेघा उमटल्या होत्या. “आजोबा, या भिंतीतून उजेड येतो!” असे नात म्हणाली आणि त्या रेघा मोजीत बसली. कुडाचा माथा आणि छप्पर यांच्यामध्ये वीतभर फट मुद्दाम ठेवलेली असते. चुलीचा धूर तिच्यातून बाहेर जातो, आणि जाता जाता वाशांना काळा करून किडीपासून राखतो. पुढे ओटा, आत एकच खण. त्यात एका बाजूस चूल, दुसऱ्या बाजूस शेणाने लिंपलेली कणगी, वर आडव्या कळकांवर टोपल्या, कोयते, मासे धरावयाची जाळी. एका घरात देवाचा नारळ वाशाला टांगलेला होता, आणि त्याच वाशाला भ्रमणध्वनीची तारही.

माझा जन्म संस्कृत शिकविण्यात गेला, म्हणून वाचकांनी थोडे विषयांतर सोसावे. आपण ज्याला हलक्या स्वरात ‘कुडाचे घर’ म्हणतो तो कूड म्हणजे संस्कृतातील ‘कुड्य’. अमरकोशात भिंतीला हाच शब्द दिला आहे. मेढ ही ‘मेथि’ची नात. वासा ‘वंश’ या शब्दापासून आला. वंश म्हणजे कळक, आणि आपण ज्याला कुळाचा वंश म्हणतो तोही तोच शब्द. मुनीच्या घराला अमरकोश ‘पर्णशाला’ आणि ‘उटज’ म्हणतो. कण्वाचा आश्रम शिकविताना हे शब्द मी चाळीस वर्षे फळ्यावर लिहिले. ज्या वस्तूंना ते लागू पडतात त्या मात्र अलिबागच्या पाठीमागच्या डोंगरावर आहेत.

कारवीविषयीही थोडे सांगितले पाहिजे. हे झुडूप सात वर्षे नुसते वाढते, आठव्या वर्षी एका डोंगरावरची सारी कारवी एकदम जांभळी फुलते, बी धरते आणि मरून जाते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००८ आणि २०१६ साली तिचा फुलोरा पाहण्यास मुंबईकरांनी गर्दी केली होती. वाडीवरच्या माणसांस तिच्या मरणाचा हिशेब अधिक जवळचा. वाळलेली कारवी सरपणाला आणि कुडाला भरपूर मिळते, आणि पुढची दोन-तीन वर्षे नवी कोवळी असल्यामुळे काठीची टंचाई पडते. वये सांगतानाही ही माणसे “कारवी फुलली त्या साली” असे म्हणतात. आपण शके आणि इसवी सन घेऊन बसतो.

ओट्यावर घोंगडी पसरून आम्हांस बसविले आणि कोरा चहा दिला. माझ्या आजीने या वाडीतले पाणी घेतले नसते. आम्ही चौघांनी चहा घेतला, आणि सूनबाईने दुसऱ्यांदा मागून घेतला.

कातकरी हे नाव कातावरून पडले. खैराचा गाभा चिरून, उकळून, आटवून विड्यात घालावयाचा कात करणे हा त्यांचा मूळ धंदा. विलायती सरकारने १८७८ आणि मग १९२७ साली वनांचे कायदे केले, रान राखीव झाले, आणि खैरावर कुऱ्हाड घालणे हा गुन्हा ठरला. धंदा गेला आणि नाव उरले. पुढे हे लोक कोळसा पाडू लागले, लोकांच्या शेतांवर मजुरी करू लागले. अ. ना. वेलिंग यांनी १९३४ साली कातकऱ्यांवर इंग्रजीत एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्या काळी एका मराठी गृहस्थाने हा विषय घ्यावा ही लहान गोष्ट नव्हे. रानाच्या या भांडणाला आपल्या जिल्ह्यात रक्तही लागले आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाला. लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर लाकूड तोडावयास गेले, गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही पडले. त्यांत नाग्या महादू कातकरी हा होता. स्वातंत्र्याच्या इतिहासात आपण मिठाचा सत्याग्रह मुलांस शिकवितो. मेढीसाठी एक खांब तोडण्याचा हक्क मागताना माणसे मेली, हेही शिकविण्याजोगे आहे.

आज या वाड्यांची उपजीविका विटांवर चालते. दिवाळी झाली की जोडपी वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. भट्टीवाल्याकडून पावसाळ्यात, म्हणजे घरात दाणा नसतो तेव्हा, उचल घेतलेली असते. ती फेडावयाची म्हणून जाणे भाग. माती मळणे, साच्यात घालणे, वाळत मांडणे, भट्टी रचणे. मजुरी हजार विटांमागे. नवराबायको मिळून एक मजूर धरला जातो आणि मुले भोवती असतात. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. उचल मात्र चालूच आहे. शाळामास्तराला या गोष्टीचे वेगळेच दुःख असते. जूनमध्ये हजेरीपटावर नावे चढतात, दिवाळीच्या सुटीपर्यंत ‘उ’ ‘उ’ अशी ओळ जाते, आणि नोव्हेंबरपासून एका वाडीची सगळी नावे एकदम कोरी. मुले हुशार असोत की मठ्ठ, कोरेपणात भेद नाही.

१५ मार्च २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारीसकट माणसे आणणारी बोट सुरू झाली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून न्हावाशेवेकडे येणारा अटल सेतू उघडला. तेव्हापासून अलिबाग तालुक्यात बंगले किती झाले ते डोळ्यांना दिसतेच आहे. त्यांतील पुष्कळ बंगल्यांच्या भिंतींत या डोंगरावरच्या माणसांच्या हातच्या विटा असतील. आणखी मौज अशी की, काही बंगल्यांच्या ओट्यांवर जुन्या वाड्यांचे सागवानी खांब विकत आणून उभे केलेले असतात, शोभेसाठी. ते काही आमच्याच नातलगांच्या घरांचे आहेत.

मी त्या घरधन्यास विचारले की, सरकारकडून पक्के घर मिळते असे ऐकतो, तुम्ही मागितले नाही काय? तो माझ्याच वयाचा असेल. म्हणाला, “गुरुजी, इटा आम्हीच पाडतो. पण ठेवायच्या कुठं? जागा शेटची.”

या एका वाक्यात साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे. महाराष्ट्रात आदिम म्हणून गणलेल्या तीन जमाती आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. अशा जमातींसाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘जनमन’ नावाची योजना आरंभिली, आणि तीत घरासाठी दोन लक्ष रुपयांचे साहाय्य आहे. योजना चांगली, पण घराला पाया लागतो आणि पायाला जागा लागते. कातकऱ्यांच्या कित्येक वाड्या दुसऱ्याच्या नावावरील जमिनीवर आहेत. पूर्वी खोताला किंवा मोठ्या कास्तकाराला मजूर हवे असत, म्हणून त्यानेच आपल्या वरकस जमिनीत त्यांस झोपड्या घालू दिल्या. १९४८ साली कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ रोजी कसणारी कुळे मालक झाली. पण ज्याचे नाव पिकाच्या नोंदीत नव्हते त्या मजुराच्या हाती काही आले नाही. त्या कायद्यात शेतमजुरांच्या घराखालच्या जागेचाही विचार केलेला आहे. तो वाडीवर पोहोचविणारा कोणी नव्हता. जोवर डोंगरउतार कवडीमोल होता तोवर हे कोणास जाणवले नाही. आता उतारावरून समुद्र दिसतो एवढ्यावरही जमिनीला भाव येतो, आणि मग सिमेंटचे खांब आणि तारेचे कुंपण येते. आम्ही चढून गेलो त्या वाटेवर, वाडीच्या झऱ्याच्या खालच्या अंगास, असे खांब नुकतेच पुरलेले होते. वाडीचे नाव मी दिले नाही ते याचसाठी.

येथे कोणी म्हणेल की, डोंगर उतरून खाली या, सुखाने राहा. या बोलण्यात तथ्य आहे आणि ते भयंकर रीतीने दिसून आले आहे. याच रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायाशी इर्शाळवाडी नावाची ठाकरांची वाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराचा कडा वाडीवर आला. तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस पडला होता. वाहन जाईल असा रस्ता नव्हता; मदतीची माणसे पावसात चिखलातून चढली आणि हातांनी माती उपसू लागली. २३ जुलै रोजी शोध थांबविला तेव्हा २७ देह मिळाले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे विधिमंडळात सांगण्यात आले. उरलेल्यांस चौकजवळ तात्पुरत्या लोखंडी पेट्यांसारख्या घरांत ठेवले आणि पक्की घरे बांधण्याचे काम सिडकोकडे दिले. त्या दिवसांत आमच्या घरी कोणास जेवण गोड लागले नाही.

म्हणून कुडाच्या घराचे मी जे वर्णन केले ते वाचून कोणी असे समजू नये की, ही माणसे अशाच घरांत राहावीत आणि आपण त्यांची छायाचित्रे घ्यावीत, असे माझे मत आहे. पावसाळ्यात त्या घरात काय होते ते त्या म्हातारीने मला सांगितले: गवत कुजते, जोत्यातून पाणी पाझरते, साप कुडात शिरतो, आणि रात्री पोर आजारी पडले तर झोळीत घालून खाली आणावे लागते. तिला पक्के घर हवे आहे. मात्र तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती योजना आखणाऱ्यांनी ऐकावी. तिच्या भावास खालच्या एका गावी घरकुल मिळाले. चार सिमेंटच्या भिंती, वर पत्रा, आणि ओटा नाही. “बसायचं कुठं?” असे ती म्हणाली. उन्हाळ्यात पत्रा तापतो म्हणून तिच्या भावाने घरकुलापुढेच चार मेढी उभ्या करून वर गवत घातले आहे, आणि दिवसभर घर त्या मांडवातच असते. ज्यांच्या घरांत ओटी, पडवी आणि माजघर यांची ठाम व्यवस्था असे त्या आपल्या लोकांस हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

वाडीची वरची सात घरे वनखात्याच्या जमिनीवर आहेत, असे चौकशीअंती समजले. त्यांच्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. अनुसूचित जमातीच्या मनुष्याचा १३ डिसेंबर २००५ च्या पूर्वीपासून वनजमिनीवर ताबा असेल तर त्याला हक्क मागता येतो. अर्ज ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे करावयाचा, आणि पुराव्यांत घर, विहीर, वृद्ध माणसांचा लिहून घेतलेला जबाब, हेही धरले जाते. लिहून घेणे हे तर मास्तराचेच काम. मार्गशीर्षात मी पुन्हा दोनदा वर गेलो. भट्टीवर न गेलेली म्हातारी माणसेच तेवढी होती, आणि जबाब त्यांचेच हवे होते. घर केव्हा बांधले असे विचारले की उत्तर येई, “कारवी फुलली त्याच्या दुसऱ्या साली.” कोणती कारवी? “थोरली पोर झाली त्याच्या आधीची.” हे सरकारी कागदावर कसे लिहावे असा पेच पडला. शेवटी पायथ्याच्या शाळेत जाऊन जुने नोंदपुस्तक काढविले. थोरल्या पोरीचे नाव सापडले. पहिलीत दाखल, पुढे दोन वर्षांनी नाव कमी केलेले, आणि जन्मसाल २००१. तिचा उतारा आणि तीन जबाब जोडून पहिला अर्ज समितीकडे दिला आहे. बाकी सहा घरांचे काम चालू आहे. खालच्या अकरा घरांना मात्र हा कायदा लागत नाही. त्यांच्याखालची जमीन रानाची नव्हे, सातबाऱ्यावरची आहे.